फिरत आलेला फोटो खरा की खोटा, कसं ओळखता?

दिवाळीत घरच्या ग्रुपवर येणारा 'दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत' आठवतोय ना? तो नकाशा अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेतल्या ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये अनेक वर्षांच्या उपग्रहचित्रांतून बनवला. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे, निळे १९९२चे, हिरवे १९९८चे, लाल २००३चे. दिवाळीचा संबंधच नाही, तो वाढत्या वस्त्यांचा नकाशा आहे. असे फोटो कसे पकडता ते लिहा, नेमकं आणि सविस्तर.

*

गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणारं साधन) टाकण्याआधी फोटोवरचा मजकूर, इमोजी, कडेच्या पट्ट्या कापा, नाहीतर शोध अक्षरांमागे जातो. काहीच सापडलं नाही तर डावं-उजवं उलटवून पुन्हा शोधा. टिनआय या फोटो शोधायच्या साइटवर 'सर्वात जुना' हा क्रम लावा. पण ती तारीख फोटो टिनआयला सापडल्याची असते, काढल्याची नव्हे.

*

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की एक्झिफ (फोटो कधी, कुठे, कशाने काढला याची फाइलमधली नोंद) गळून पडतं. ते हवं असेल तर ज्याने फोटो काढला त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. आणि एक्झिफ नाही म्हणजे फोटो खोटा, असं कृपा करून ठरवू नका.

*

सावल्या समांतर दिसत नाहीत म्हणून फोटो बनावट ठरवणारे फार. पर्स्पेक्टिव्हमुळे (दूरचं लहान आणि जवळ आलेलं दिसतं त्यामुळे) खऱ्या फोटोतही त्या तिरक्या पडतात. सावलीच्या टोकापासून वस्तूच्या त्याच टोकापर्यंत पट्टीने रेघ काढा आणि पुढे वाढवा. नाकाचं टोक, खांबाचं टोक, छत्रीचं टोक, अशा चार-पाच रेघा तरी हव्यात. उन्हातल्या फोटोत त्या एकाच बिंदूत मिळतात. सूर्य कॅमेऱ्यामागे असेल तर रेघा सावलीच्या बाजूने वाढवा, बिंदू खालच्या बाजूला येतो. एकाच माणसाची रेघ फटकून गेली, तर तो बाहेरून चिकटवलेला असण्याची दाट शक्यता. जमीन उंचसखल असली तरी ही रीत चालते. ढगाळ हवेत मात्र सोडून द्या.

*

चित्रात खाडाखोड न करता नुसता अर्धवट कापलेला व्हिडिओ जास्त घातक. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून फिरलेला व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो शेवटच कापला होता. त्याच अफवांच्या लाटेत १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. म्हणून व्हिडिओ अचानक तुटत असेल तर आधी पूर्ण लांबीचा शोधा.

*

वरच्याला जोडून: इनव्हिड हे संगणकाच्या ब्राउझरला जोडायचं प्लगइन व्हिडिओतल्या मुख्य चौकटी (स्थिर चित्रं) काढून देतं. मोबाइलवर दृश्य बदलेल तिथे थांबवून स्क्रीनशॉट घ्या. चेहऱ्यांपेक्षा पाट्या, नंबरप्लेट आणि गणवेश असलेली चौकट आधी लेन्समध्ये टाकून शोधा, गाव लवकर कळतं.