विश्वस्त मंडळातल्या प्रत्येकाच्या मनात वेगळी संस्था आहे, एका दिशेवर कसं आणावं?

प्रश्न : कार्यवाह

आमची संस्था दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करते. मी तिची कार्यवाह. विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं आणि दोन सभांच्या मधे सगळ्यांचे फोन घेणं माझ्याकडे असतं. विश्वस्त नऊ. सगळी भली माणसं, स्वतःसाठी कुणाला काही नको. तरी गेले कित्येक महिने एकही मोठा निर्णय झालेला नाही.

विद्यार्थी आता फोनवरच्या स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचतात. युनिकोडमधली (कुठल्याही यंत्राला अक्षरं ओळखता येतील अशा प्रमाण पद्धतीने टाइप केलेली) फाइल हातात आली की आमच्या ध्वनिमुद्रणाची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे मंडळात तीन तट पडलेत. काहींना स्टुडिओ वाढवायचाय. काही म्हणतात, ध्वनिमुद्रण आवरतं घ्या आणि चांगल्या मजकूर-फाइली तयार करा. उरलेल्यांना वाटतं, पुस्तकांचा प्रश्न सुटत आलाय, मुलांच्या नोकऱ्यांचं बघा. संस्थापक अध्यक्ष पहिल्या बाजूचे. त्यांच्यासमोर कुणी विरोधात बोलत नाही; सभा संपली की मला फोन येतात.

आता दिवसभराची बैठक ठरली आहे. एका विश्वस्तांनी व्हिजनचा, म्हणजे संस्थेची दिशा सांगणाऱ्या वाक्याचा, मसुदा पाठवलाय : ‘दृष्टिहीनांचं सर्वांगीण सक्षमीकरण’. तो सगळ्यांना पसंत आहे, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. बैठकीत नेमकं काय करावं?

उत्तर : खजिनदार

बैठकीआधी एक कागद तयार करा. मागच्या तीन वर्षांत कोणत्या कामावर किती खर्च झाला आणि त्या प्रत्येक कामाचा लाभ किती विद्यार्थ्यांना झाला, एवढंच त्यावर हवं. टिप्पणी नको. आमच्याकडे हा कागद समोर आल्यावर चर्चेचा सूरच बदलला. राखीव निधी किती महिने पुरेल तेही लिहा, कारण तिन्ही कामं एकदम करू असं म्हणणारा कुणीतरी असतोच.

उत्तर : बैठकांची सूत्रधार

ताई, तुमची धास्ती रास्त आहे. त्या मसुद्यात तिन्ही तट आरामात बसतात, म्हणून तो सगळ्यांना पसंत पडतो. त्यावर ठराव करू नका. केलात तर पुढे प्रत्येक जण तेच वाक्य दाखवून आपलं म्हणणं रेटेल.

विश्वस्त मंडळांच्या अशा बैठका मी चालवून देते. माझा पहिला आग्रह असतो की बैठकीआधी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलणं व्हावं, आणि ते बाहेरच्या व्यक्तीने करावं. तुमच्याकडे सगळ्यांची मनं आधीच मोकळी झालेली आहेत. बैठकही तुम्हीच चालवलीत तर कुणालातरी वाटेल की आपलं बोलणं पलीकडे पोचलं. विचारायचे प्रश्न तीनच. संस्था उद्या बंद पडली तर नेमकं कुणाचं अडेल? पाच वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात काय बदललेलं तुम्हाला बघायचंय? आणि त्यासाठी आज चालू असलेलं कुठलं काम तुम्ही सोडाल? तिसऱ्या प्रश्नाला माणसं अडखळतात. तिथे गप्प बसून वाट बघावी, खरं म्हणणं बहुधा तिथे निघतं. उत्तरं नावं न घालता एकत्र करून सगळ्यांना आधीच पाठवायची.

बैठकीत चर्चेआधी प्रत्येकाने दहा मिनिटं शांतपणे लिहायचं, मग क्रमाने वाचायचं, अध्यक्षांनी शेवटी. मग त्या वाक्याऐवजी खरे पेच समोर ठेवा. एखादा देणगीदार फक्त नव्या स्टुडिओसाठी मोठी रक्कम देतोय, घ्यायची का? निम्मे ध्वनिमुद्रक स्वयंसेवक फाइली तपासायच्या कामाला लावायचे का? अशा दोन-तीन पेचांवर मंडळ एका बाजूला आलं की व्हिजन लिहायला फार वेळ लागत नाही.

हो-नाही असे हातही वर करायला लावू नका. गटाने निर्णय कसे घ्यावेत यावर काम करणाऱ्या सॅम केनर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सहमतीची एक पट्टी तयार केली. तिच्या एका टोकाला मनापासून पाठिंबा, दुसऱ्या टोकाला ठाम विरोध, आणि मधे ‘शंका आहेत पण चालेल’, ‘मत नाही’ अशा पायऱ्या. नऊपैकी सहा जण ‘चालेल’वर उभे असतील तर तो निर्णय पहिल्या अडचणीत कोसळेल, हे तिथल्या तिथे दिसतं.

असे पेच मोठमोठ्या संस्थांपुढेही आलेत. अमेरिकेत ‘मार्च ऑफ डाइम्स’ १९३८ मध्ये पोलिओशी लढायला उभी राहिली. १९५५ मध्ये साल्क यांची लस यशस्वी ठरली आणि संस्थेच्या मूळ कामाचं कारणच संपत आलं. १९५८ मध्ये त्यांनी मुलांमधल्या जन्मजात व्यंगांचं काम हाती घेतलं आणि ती संस्था आजही चालू आहे. ‘मेदसां सां फ्राँतिए’चं उलट झालं. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या डॉक्टरांच्या संस्थेत १९७९ मध्ये फूट पडली. व्हिएतनाममधून होड्यांतून पळणाऱ्या निर्वासितांसाठी डॉक्टर आणि पत्रकार घेऊन जहाज पाठवावं असं संस्थापकांपैकी बर्नार कुश्नेर यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या गटाला आधी नीट बांधलेली, साधनसज्ज वैद्यकीय यंत्रणा हवी होती. कुश्नेर बाहेर पडले आणि १९८० मध्ये ‘मेदसां द्यू माँद’ ही त्यांची वेगळी संस्था उभी राहिली. दोन्ही संस्थांनी पुढे मोठं काम केलं. म्हणून फुटीचं नाव काढायलाही भिऊ नका. नोकऱ्यांचं काम खरंच वेगळ्या संस्थेने करावं असंही ठरू शकतं.

उत्तर : ब्रेल ते स्क्रीन रीडर

मी दृष्टिहीन आहे. ध्वनिमुद्रित पुस्तकांवर शिकलो, आता एका संस्थेचा विश्वस्त आहे. तुमच्या नऊ जणांत दृष्टिहीन किती? प्रश्नात तसा उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

तुमच्या पहिल्या दोन तटांचा वाद विद्यार्थ्यांना विचारलं तर बराच निवळेल. कादंबरी मी स्क्रीन रीडरने दुप्पट वेगात ऐकतो, तिथे मला माणसाचा आवाज लागत नाही. पण भूमितीची आकृती, आलेख, नकाशा यांचं वर्णन कुणीतरी समजून करावं लागतं. स्कॅन केलेली पानं म्हणजे स्क्रीन रीडरला नुसतं चित्र, आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली वाचताना तो असंबद्ध अक्षरं बडबडतो. तुमच्याकडे ध्वनिमुद्रणासाठी वाचणाऱ्यांना विषय कळतो, उच्चार कळतात. आकृत्यांची वर्णनं लिहायला त्यांच्याइतकी तयार माणसं दुसरीकडे मिळणार नाहीत. शिवाय दृष्टिहीनांना वाचता येतील अशा प्रती करायला कॉपीराइटमधून सूट देणारा आंतरराष्ट्रीय माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये अमलात आला. करारातल्या देशांमधल्या संस्था अशा फाइली एकमेकींना देऊ शकतात. दुसऱ्याने केलेलं पुस्तक पुन्हा करत बसायची गरज उरलेली नाही.

बैठकीला दोन-तीन विद्यार्थी बोलवा. पाहुणे म्हणून पाच मिनिटं नको, सकाळचं पूर्ण सत्र द्या.

कार्यवाह

नऊपैकी एक जण दृष्टिहीन, आणि तेही फारसं बोलत नाहीत. हे मी आजवर अशा नजरेने पाहिलं नव्हतं. अध्यक्षांचं काय करू? स्टुडिओ त्यांनी स्वतःच्या घरातल्या एका खोलीत सुरू केला होता. त्यांना दुखावून मला काहीच नकोय.

बैठकांची सूत्रधार

मग त्यांना बैठकीत पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ देऊ नका. आधी घरी जाऊन भेटा. खजिनदारांनी सांगितलेला कागद न्या, जमलं तर एखाद्या विद्यार्थ्यालाही न्या. ती खोली सुरू केली तेव्हा कुठल्या मुलाची काय अडचण डोळ्यांसमोर होती, ते त्यांना विचारा. संस्थापकांना कामाची पद्धत प्रिय असते, पण ते काम का सुरू झालं ते त्याहून प्रिय असतं, असा माझा अनुभव आहे. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्यांची परवानगी घेऊन बैठकीच्या सुरुवातीला वाचा.

निर्णय कसा होणार, बहुमताने की सहमतीने, हेही त्या भेटीतच ठरवून विषयपत्रिकेत छापा. जे ठरेल त्याच्या ठरावात तीन गोष्टी हव्यात : कुठलं काम कधीपासून थांबणार, पुढच्या अंदाजपत्रकात कुठली रक्कम कुठे वळणार आणि वर्षभराने आढावा कोण घेणार. जे विश्वस्त फारसे बोलत नाहीत म्हणालात, त्यांनाच आढाव्याचं काम घ्याल का म्हणून विचारून बघा.