मदत हवी आहे: आरडीएस पोस्टग्रेसला एअरफ्लो जोडला जातोय, हाइव्ह मेटास्टोअर अडतंय

शिरोलीचा_पूल

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या काही फाउंड्र्यांचा डेटा सांभाळतो. भट्टीचं तापमान, स्पेक्ट्रोमीटरचे रिपोर्ट, मोल्डिंग लाइनचे लॉग, रिजेक्शनचे आकडे. सगळं पार्केट फाइल होऊन एस-थ्रीवर (ॲमेझॉनच्या क्लाउड स्टोरेजवर) जातं, त्यावरच्या क्वेरी ट्रिनो या इंजिनवरून होतात आणि रात्रीचे जॉब एअरफ्लो चालवतो.

फाइली क्लाउडवर आहेत, पण त्यांची कुंडली अजून ऑफिसातल्या मशीनवर आहे. कुठलं टेबल कुठल्या फोल्डरात, कॉलम कोणते, पार्टिशन कोणती, सगळं हाइव्ह मेटास्टोअरमध्ये, आणि ते डर्बी या छोट्या डेटाबेसवर. मेटास्टोअर चालू असताना कुणी स्पार्क (डेटा प्रोसेसिंगचं इंजिन) थेट त्याच डर्बीवर उघडला की लगेच एरर. एअरफ्लो एसक्यूलाइटवर (एका फाइलीतला डेटाबेस), त्यामुळं टास्क एकामागून एकच. एका भट्टीचा जॉब रेंगाळला की बाकीच्यांचे सकाळचे रिपोर्ट लटकले.

शिवाय २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा ऑफिस कोरडं होतं, पण तिथं जायला वाट नव्हती. त्यामुळं मेटाडेटा ऑफिसात ठेवायचा नाही, एवढं ठरलंय.

आता केलंय ते असं: एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) मुंबई रीजन, आरडीएस (एडब्ल्यूएस चालवून देतं तो डेटाबेस) पोस्टग्रेस १६, टी-फोर-जी मायक्रो हा लहान इन्स्टन्स, २० जीबी, पब्लिक ॲक्सेस बंद. एअरफ्लो, ट्रिनो आणि मेटास्टोअर त्याच व्हीपीसीतल्या (खासगी नेटवर्कमधल्या) ईसीटूवर, म्हणजे क्लाउडमधल्या सर्व्हरवर. एकाच इन्स्टन्समध्ये दोन डेटाबेस, दोन वेगळे युजर. एअरफ्लोसाठी त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधल्या कमांड जशाच्या तशा टाकल्या, मायग्रेट झालं, स्क्रीन उघडली. हाइव्हच्या युजरला त्याच्या डेटाबेसवर ग्रँट ऑल दिलाय, तरी स्कीमाटूल (मेटास्टोअरची टेबलं तयार करणारं टूल) चालवलं की 'पीजी-एचबीए कॉन्फमध्ये नोंद नाही, नो एन्क्रिप्शन' असं म्हणून बाहेर पडतं. कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी ती फाइल आरडीएसमध्ये आपल्या हातात नसते. मग नोंद करायची कुठं?

दुसरं, ऑफिसच्या लॅपटॉपवरून डीबीव्हर (डेटाबेस बघायचं ॲप) लावलं की टाइमआउट होतं. आमच्या ब्रॉडबँडचा आयपी सारखा बदलतो. पब्लिक ॲक्सेस चालू करावा लागेल का? आणि मायक्रो पुरेल का, हेही कुणी अनुभवी सांगितलं तर बरं.

रंकाळा_संध्याकाळ

पॅरामीटर ग्रुपमध्ये फोर्स-एसएसएल (एन्क्रिप्टेड कनेक्शनची सक्ती) शून्य करा, लगेच जोडलं जाईल. आम्ही तसंच केलंय.

गोकुळ_शिरगाव_७

अहो, कुलूप काढून टाकलं की दार उघडतंच! तसं करू नका. आरडीएसवर पोस्टग्रेस १५ पासून एसएसएल सक्तीचं आहे, ते राहू दे.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा. डेटाबेस तोच, नेटवर्क तेच, एअरफ्लो जातोय आणि हाइव्ह अडतंय. एअरफ्लोचा पायथन ड्रायव्हर न सांगता आधी एसएसएल लावून बघतो. हाइव्हसोबत आलेला जेडीबीसी (जावाचा) ड्रायव्हर जुना असला तर तो साधंच कनेक्शन मागतो. हाइव्हच्या लिब फोल्डरात पोस्टग्रेसची जार (ड्रायव्हरची फाइल) बघा. नावात ९.४ असलं तर ती काढून ४२ मालिकेतली ताजी टाका. दोन्ही एकत्र ठेवू नका, कुठली उचलली जाईल याचा भरवसा नाही. हाइव्ह-साइट फाइलमधल्या यूआरएलला 'एसएसएलमोड=रिक्वायर' जोडा.

जुन्याच जारला नुसतं एसएसएल लावलंत तर पुढं 'ऑथेंटिकेशन टाइप १० चालत नाही' असं येईल. ते पासवर्डच्या स्क्रॅम पद्धतीमुळं, आणि ती ४२.२.० च्या आधीच्या ड्रायव्हरला कळत नाही. म्हणजे जार बदलणं आलंच.

शिरोलीचा_पूल

दादा, अगदी बरोबर. जार ९.४ चीच होती. बदलली, आत गेलं. आता 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक'. ग्रँट ऑल देऊन सुद्धा?

गोकुळ_शिरगाव_७

डेटाबेसवरचा ग्रँट ऑल म्हणजे कनेक्ट करा, नवीन स्कीमा काढा, टेंपररी टेबल करा, एवढंच. पब्लिक स्कीमात टेबल करायचा हक्क त्यात येत नाही. पोस्टग्रेस १४ पर्यंत तो सगळ्यांना आपोआप असायचा, १५ मध्ये काढून घेतला. एअरफ्लोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये त्यासाठी वेगळी ओळ आहे, म्हणून तिकडं अडलं नाही.

सरळ हाइव्हच्या युजरला त्या डेटाबेसचा मालक करा. फक्त आरडीएसचा मास्टर युजर खरा सुपरयुजर नसतो, त्यामुळं आधी हाइव्हचा रोल मास्टरला ग्रँट करा आणि मग मालक बदला. नाहीतर तिथंही नकारघंटा.

मंगळवार_पेठ

लॅपटॉपचं सांगतो. पब्लिक ॲक्सेस चालू करू नका. सिक्युरिटी ग्रुपमध्ये ५४३२ पोर्टला आयपीऐवजी ईसीटूचा सिक्युरिटी ग्रुपच सोर्स म्हणून द्या, म्हणजे आयपी बदलायची कटकटच मिटली. लॅपटॉपवरून एडब्ल्यूएसच्या सेशन मॅनेजरचं पोर्ट फॉरवर्डिंग ईसीटूमार्गे आरडीएसपर्यंत न्या आणि डीबीव्हरला लोकलहोस्ट सांगा. एसएसएचचं पोर्टसुद्धा उघडावं लागत नाही.

बाकी, हाइव्ह मेटास्टोअर स्वतः सांभाळायचं कशाला? ग्लू कॅटलॉग (एडब्ल्यूएसचं तयार मेटास्टोअर) घ्या की. पहिल्या १० लाख ऑब्जेक्टना पैसे नाहीत, तुमच्या फाउंड्र्यांचं सगळं त्यात आरामात बसेल.

शिरोलीचा_पूल

ग्लूचा विचार झाला होता. पण एका गिऱ्हाइकाला पुढं हेच सगळं स्वतःच्या सर्व्हरवर हवंय, तिथं ग्लू कुठनं आणायचं? म्हणून हाइव्हच.

मालक बदलल्यावर स्कीमाटूल शेवटपर्यंत गेलं. टेबलं दिसली. नाद खुळा! लॅपटॉपवरूनही जोडलं जातंय. आता मायक्रोचं सांगा.

गोकुळ_शिरगाव_७

मेटाडेटा कमीच असतो हो, डिस्कची काळजी नको. अडतं ते कनेक्शनवर. आरडीएस कनेक्शनची मर्यादा रॅमवरून ठरवतं आणि मायक्रोत रॅम १ जीबी. एअरफ्लोचा शेड्युलर, वेबसर्व्हर आणि चालू असलेला प्रत्येक टास्क कनेक्शन धरून बसतो. रात्री एका वेळेला जॉब सुटले की हाइव्हला जागा उरत नाही आणि शिव्या ट्रिनोला बसतात. स्मॉल घ्या आणि एअरफ्लोच्या पुढं पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारं टूल) बसवा. हाइव्ह थेटच राहू दे. आणि एअरफ्लोचं डीबी क्लीन अधूनमधून चालवत जा, जुन्या टास्कच्या नोंदी साठतच जातात.

बॅकअपचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगतोच. ऑटोमॅटिक बॅकअप ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतो, पण रिस्टोअर त्याच इन्स्टन्सवर होत नाही. नवीन इन्स्टन्स उभा राहतो आणि त्याचा एंडपॉइंट वेगळा असतो. एकदा निवांत वेळी करून बघा, कुठकुठल्या फाइलीत पत्ता बदलावा लागतो ते कळेल. आणि एअरफ्लोची फर्नेट की (पासवर्ड एन्क्रिप्ट करायची किल्ली) डेटाबेसमध्ये नसते. ती हरवली तर डेटाबेस परत येईल, पण त्यात साठवलेले कनेक्शनचे पासवर्ड उघडणार नाहीत. ती एडब्ल्यूएसच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवा.

मंगळवार_पेठ

खर्च वाचवायला कुणी 'रविवारी आरडीएस बंद ठेवू' म्हणेल. ठेवा, पण बंद केलेला इन्स्टन्स ७ दिवसांनी आपणहून चालू होतो आणि डिस्कचे पैसे मधल्या काळातही लागतात. तुमचे जॉब रोज रात्री आहेत, तुम्हाला तो उपाय कामाचा नाहीच.

शिरोलीचा_पूल

आभारी आहे मंडळी. शेवटचं एकच: डर्बीतली जुनी टेबलं पोस्टग्रेसमध्ये न्यायला काही टूल आहे का?

गोकुळ_शिरगाव_७

त्याच्या नादी लागू नका. सगळी एक्स्टर्नल टेबलं (मेटास्टोअरकडे फक्त नोंद असलेली) आहेत ना? डर्बी चालू आहे तोवर प्रत्येक टेबलाचं शो क्रिएट टेबल काढून गिटमध्ये टाका. तेच नव्या मेटास्टोअरवर चालवा आणि पार्टिशन ट्रिनोच्या सिंक पार्टिशन मेटाडेटानं भरून घ्या. एस-थ्रीवरच्या फाइलींना हात लागत नाही. पण दोन्हीकडच्या रो मोजून जुळल्याशिवाय ते जुनं मशीन फॉरमॅट करू नका.