क्लॅरियन-मिलोरीची कादंबरी : शेवट आधीच माहीत आहे, तरी वाचू का?

चिंचपोकळीची_परी
आमच्या चाळीत डीव्हीडी प्लेअर एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. मे महिन्यात दुपारी दार लोटून आम्ही सात-आठ पोरी टिंकर बेल, म्हणजे डिस्नेचे पऱ्यांचे सिनेमे, बघत बसायचो. 2008 चा पहिला भाग मला तोंडपाठ होता. पण जीव जडला तो 2012 च्या ‘सीक्रेट ऑफ द विंग्स’वर. त्यात पऱ्यांच्या राज्याची एक बाजू उबदार, दुसरी हिवाळ्याची, आणि मधली हद्द ओलांडायची नाही. उबदार बाजूची राणी क्लॅरियन आणि हिवाळ्याकडचा लॉर्ड मिलोरी यांचं जुनं प्रेम दोन मिनिटांत सांगून टाकलंय. त्याने हद्द ओलांडली, पंख मोडला, संपलं. मी तेव्हा रडले होते आणि काकूंनी मला पन्हं दिलं होतं.

आता त्या दोन मिनिटांवर अख्खी कादंबरी आलीये, अ‍ॅलिसन सॅफ्टची ‘विंग्स ऑफ स्टारलाइट’ (2025). अडचण अशी की राणी माझ्या डोक्यात अजून आईच्या वयाची, सोन्यासारखी झगमगणारी आहे. ती लाजतेय, चोरून भेटायला जातेय, हे मला झेपेल का?

पुस्तककिडा_मुलुंड
झेपेल गं. यात ती राणी झालेलीच नाही. राज्याभिषेक तोंडावर आलाय, अंगातली जादू नीट वळत नाही आणि सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं जपतात. तेवढ्यात हिवाळ्याच्या बाजूने संकट येतं आणि हा मिलोरी भेटतो. प्रेम सावकाश चढतं. मधली पन्नासेक पानं मला लांबलेली वाटली. शेवटाचं म्हणशील, तर कच-देवयानीचं काय झालं हे ठाऊक असूनही आपण ती गोष्ट ऐकतोच ना? ते तर शाप देऊन दुरावले. इथे भांडणसुद्धा नाही, म्हणून जास्त लागतं.

शिवाजीपार्कचे_आजोबा
नातीमुळे सगळे भाग बघितलेत. माझी तक्रार जुनीच. पंखांवर दंव चढवलं की थंडी बाधत नाही, हे त्या सिनेमातच शेवटी कळतं. मग इतकी वर्षं दोन्हीकडच्या एकाही परीला हे सुचलं नाही? बिचाऱ्याचा पंख फुकट गेला.
अवांतर : 1904 च्या ‘पीटर पॅन’ या मूळ नाटकात टिंकर बेल म्हणजे रंगमंचावर फिरणारा प्रकाशाचा ठिपका आणि घंटीचा आवाज. त्या ठिपक्याचा संसार कुठवर गेला बघा.

दोन_पोरांची_आई
माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला दिली तर चालेल का?

पुस्तककिडा_मुलुंड
वावगं काही नाही, पण ती कंटाळेल. तेरा-चौदाची झाली की द्या.

चिंचपोकळीची_परी
आजोबा, दंवाचं मला आजवर सुचलंच नव्हतं. आता दुप्पट वाईट वाटतंय.

घेतली शेवटी. दादरला गाडी बदलून अंधेरीपर्यंत जेवढं होईल तेवढं रोज वाचते. राणीचं वय दुसऱ्याच दिवशी विसरले. उलट ती मला ऑफिसातल्या नव्या मुलीसारखी वाटायला लागलीये, सगळ्यांसमोर ताठ आणि बाथरूममध्ये जाऊन रडणारी. आता थोडीच पानं उरलीत आणि तीन दिवस पुस्तक पिशवीत तसंच आहे. पंख अजून शाबूत आहे त्याचा.

शिवाजीपार्कचे_आजोबा
राहू दे तसाच काही दिवस. घाई काय आहे.