‘सुस्पीरिया’ला मराठीत काय म्हणावं? उसासा, सुस्कारा की निःश्वास

विचारणा

इटालियन भयपटांचा दिग्दर्शक दारिओ आर्जेन्तो याचे चित्रपट मी गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा बघतो आहे. त्यांच्याबद्दल मराठीत लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत अडतो. माझा सगळ्यात आवडता १९७७चा ‘सुस्पीरिया’. हे ‘सुस्पीरियुम’ या लॅटिन शब्दाचं अनेकवचन. आर्जेन्तोने ते टॉमस डी क्विन्सी या इंग्रज लेखकाच्या १८४५ मधल्या ‘सुस्पीरिया दे प्रोफुंदिस’ या लेखनावरून घेतलं. मराठीत अर्थ शोधायला गेलं की उसासा, सुस्कारा, निःश्वास, उच्छ्वास अशी रांग लागते. चारही शब्द बरोबर आहेत, पण चारही सारखे नाहीत. हा चित्रपट ज्यांच्या मनात घर करून बसलाय, त्यांना यातला कुठला पटतो?

जाता जाता अजून एक. त्याच्या खूनरहस्याच्या चित्रपटांना ज्या नावाने ओळखतात, ते ‘जाल्लो’ असंच लिहायचं का?

पहिलं उत्तर

उच्छ्वास लगेच बाद करा. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाने तो शब्द पार कोरडा करून टाकलाय. त्यात आता फक्त कार्बन डायऑक्साइड उरलाय. निःश्वास म्हटलं की आपल्या कानात आधी ‘सुटकेचा’ वाजतं. हा चित्रपट घडतो त्या नृत्यशाळेत कुणाची सुटका होते म्हणून निःश्वास टाकायचा?

उरले दोन. सुस्कारा सोडतात, उसासा टाकतात. सुस्काऱ्यात आवाज आहे, ‘सुस्’ असा हवेचा आवाजच त्या शब्दात बसलाय. उसासा मूळचा उच्छ्वासच, प्राकृतातून घासत घासत आपल्याकडे आला, आणि येताना त्याला दुःख चिकटलं. जे बोलता येत नाही, ज्यावर इलाज नाही, त्याचा उसासा असतो. डी क्विन्सीने दुःखाच्या तीन देवता कल्पिल्या आहेत: एक अश्रूंची, एक उसाशांची, एक अंधाराची. त्यातली मधली रडत नाही, कण्हत नाही. ती अधूनमधून उसासते आणि तेही ऐकू येत नाही. ती बंदिवानांची, गुलामांची, समाजाने बाहेर टाकलेल्यांची. हे वाचल्यावर माझ्यापुरता प्रश्न संपला. ‘उसासे’. अनेकवचन ठेवाच, मूळ शब्दातही ते आहे.

दुसरं उत्तर

पुस्तकापुरतं मान्य. पण आर्जेन्तोची उसाशांची आई, म्हणजे त्या नृत्यशाळेची संचालिका, गप्प नाही हो! तो सरावाच्या दालनातला प्रसंग आठवा. वरून अळ्या पडल्यामुळे सगळ्या मुलींना खाली एकत्र झोपवलंय, मधे पांढऱ्या चादरी टांगल्यात, दिवे गेले आणि सगळं लाल झालं. चादरीच्या पलीकडे एक सावली येऊन आडवी होते आणि श्वास सुरू होतो. शीळ घातल्यासारखा, मधेच अडकणारा. सारा नावाची विद्यार्थिनी तो आवाज ओळखते: संचालिका बाहेरगावी आहे असं सांगितलंय, आणि ती इथेच, हातभर अंतरावर झोपली आहे.

त्या आवाजाला उसासा म्हणाल? सुस्कारासुद्धा नाही. ती घरघर आहे. आपल्याकडे ‘घरघर लागली’ म्हणजे शेवट जवळ आला. इथे मात्र घरघर लागलेलं माणूस मरतच नाही, ती भीती आहे. मी तो प्रसंग पहिल्यांदा हेडफोन लावून पाहिला होता आणि मधेच ते काढून ठेवले होते. गॉब्लिन या बँडने दिलेल्या संगीतातही कुजबुज आणि श्वास आहेतच, त्यामुळे कुठला आवाज पडद्यावरचा आणि कुठला संगीतातला, हेही कळेनासं होतं.

विचारणाऱ्याकडून

दोघांचंही पटलं, आणि दोन्ही एकदम पटतात हेच मला आवडलं. नाव ‘उसासे’, आणि त्या प्रसंगाबद्दल लिहिताना ‘घरघर’. लेखकाने न ऐकू येणारा श्वास दिला, दिग्दर्शकाने त्याला आवाज दिला. हे फक्त ‘सुस्पीरिया’ असं लिहून पुढे गेलो असतो तर माझ्या ध्यानातच आलं नसतं.

तिसरं उत्तर

‘जाल्लो’बद्दल. इटालियनमध्ये याचा अर्थ साधा ‘पिवळा’. मोंदादोरी या प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथा काढल्या, त्यावरून तिथे कुठल्याही रहस्यकथेला हाच शब्द लागला. इटलीबाहेरच्या रसिकांनी मात्र तो एका विशिष्ट जातीच्या चित्रपटांपुरता ठेवला: काळे हातमोजे घातलेला खुनी, काहीतरी पाहून बसलेला साक्षीदार, भडक रंग. म्हणून ‘रहस्यपट’ असं भाषांतर केलं तर इटालियन माणसाला चालेल, आपल्याला पुरणार नाही. शब्द आहे तसा ठेवावा.

लिहिताना एक अडचण खास मराठी आहे. आपला ‘ज’ दोन प्रकारचा. जात्यावरची ओवी म्हणताना एक ‘ज’, जातपात म्हणताना दुसरा. ‘जाल्लो’ असं लिहिलं तर अनेकजण ते जात्यातल्या ‘ज’ने वाचणार. इटालियन उच्चार दुसऱ्या ‘ज’चा आहे. म्हणून मी ‘ज्याल्लो’ लिहिते. अनेकवचनाचा घोळ नको, एक फोटो चार फोटो, तसे एक ज्याल्लो चार ज्याल्लो. आणि तुम्ही आर्जेन्तो लिहिलंत, आर्जेंटो नाही, याचा फार आनंद झाला. दंत्य ‘त’ आपल्याकडे असताना इंग्रजीच्या वाटेने ‘ट’ कशाला आणायचा?

पहिल्या उत्तराचीच पुस्ती

मग १९७५च्या ‘प्रोफोन्दो रोस्सो’चं काय? शब्दशः ‘खोल लाल’, पण मराठीत रंग खोल नसतो. गडद लाल बरोबर, पण बेचव. लालबुंद चेहरे होतात, लालचुटुक ओठ असतात. पडद्यावरचं रक्त म्हणाल तर ते रंगाच्या डब्यातून ओतल्यासारखं, म्हणजे लालभडक. मला ‘गहिरा लाल’ आवडतो. गहिरा हा गभीरवरून आलेला, त्यामुळे खोली आणि रंग दोन्ही त्यात मावतात, ‘प्रोफोन्दो’त मावतात तसेच. ‘सुस्पीरिया’च्या रंगांनाही हाच शब्द शोभेल. तीन रंगांचे वेगळे साचे करून फिल्मवर रंग छापायची टेक्निकलरची जुनी पद्धत त्यासाठी वापरली होती, आणि ते लाल-निळे खरोखर आत ओढून घेतात.

तिसरं उत्तर, पुन्हा

माझा लाडका चित्रपट अजून कुणी काढलाच नाही. १९८२चा ‘तेनेब्रे’! म्हणजे अंधार. लॅटिन ‘तेनेब्राय’ आणि आपलं संस्कृत ‘तमिस्रा’ हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत, तेव्हा नात्याने पाहिलं तर ‘तम’ जवळचा. पण ज्यांनी चित्रपट पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, त्यात अंधार जवळजवळ नाहीच. पांढऱ्या भिंती, लख्ख ऊन, रात्रीसुद्धा उजळलेली. कॅमेरा एका घराच्या भिंतीवरून, छपरावरून सरकत जातो तो लांबलचक शॉट आठवा. एक कोपरा लपलेला नाही. ‘काळोख’ म्हटलं की डोळ्यांसमोर बाहेरची रात्र येते, तो इथे खोटा ठरतो. मी ‘अंधारी’ म्हणेन. भर उन्हात डोळ्यांपुढे अंधारी येते तशी. अंधार जगात असतो, अंधारी पाहणाऱ्याच्या आत येते. यापुढे बोलले तर ज्यांनी पाहिला नाही त्यांचा रसभंग होईल.

दुसरं उत्तर, पुन्हा

अंधारी! वा. याहून नेमका शब्द सुचणार नाही.

पाहणाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर आर्जेन्तोबद्दल बोलायला मराठी फार सोयीची आहे, कारण आपल्याकडे दिसणं आणि पाहणं वेगळं आहे. १९७०च्या पहिल्या चित्रपटात नायक कलादालनाच्या दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो आणि आतली झटापट त्याला दिसते. ‘गहिरा लाल’मध्ये नायक एका घराच्या चित्रांनी भरलेल्या बोळातून धावत जातो, आणि नंतर त्याला वाटत राहतं की तिथलं एक चित्र गायब झालंय. दोघांनाही सगळं दिसलेलं असतं. पाहिलेलं नसतं. ‘त्याने खून पाहिला’ असं लिहिलं की कथेचा गाभाच चुकला. ‘त्याला दिसला’ हवं.

१९८७च्या ‘ऑपेरा’त हेच उलटं होतं. नायिकेच्या डोळ्यांखाली चिकटपट्टीने सुयांची रांग लावलेली, पापणी मिटली तर टोचणार. त्यावर लिहिताना ‘ती पापणीही न लवता पाहते’ असं कृपया कुणी लिहू नका, त्या वाक्प्रचारात पाहणाऱ्याची इच्छा गृहीत आहे. तिला ते पाहवत नाही, आणि पाहावं लागतं.