चर्चा: नेमासाठी जमलेल्या गटात सलग दिवसांचा तक्ता असावा का?

फोंडेकर (धागा सुरू करणारी)
रोजचे वाचन, व्यायाम, तंबाखू सोडणे अशा वैयक्तिक नेमांसाठी एकत्र आलेल्या आमच्या व्हॉट्सअॅप गटात पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे, तसेच बोटीवर आणि आखातात नोकरीला असलेले गोमंतकीय आहेत. रात्री बाराच्या आत प्रत्येकाने नोंद करायची, सकाळी सलग दिवसांचा तक्ता सर्वांसमोर लागतो, एक दिवस चुकला तर आकडा शून्यावर येतो आणि ओळीने तीन दिवस नोंद नसेल तर नाव कमी होते. नाव कमी करण्याचा नियम रद्द व्हावा आणि तक्ताही बंद व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गणेश चवथीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचे, सामान, नेवऱ्या (करंज्या), पाहुणे आणि विसर्जनानंतरची आवराआवर या धांदलीत नेम मोडतो तो मुख्यतः घरातल्या बायकांचा, त्यामुळे तक्त्यात शून्यावर येतात त्याही त्याच. कोणी त्यांना उघडपणे बोल लावत नाही, पण शून्य दिसल्यानंतर त्यांतल्या काहीजणी गटात लिहिणेच सोडतात, आणि ज्यांना सोबतीची सर्वांत जास्त गरज होती त्याच आधी दुरावतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ९६ स्वयंसेवकांनी १२ आठवडे एकेक नवी सवय लावून पाहिली. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ दिवसांचा निघाला, व्यक्तीनुसार तो १८ ते २५४ दिवस असा बदलला, आणि एखादी संधी चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखी बाधा आली नाही. असे असताना एका चुकलेल्या दिवसासाठी आधीची सारी मेहनत शून्य का ठरवायची?

डिचोलीकर
मी असहमत आहे. त्या अभ्यासातील ६६ हा आकडा ९६ जणांचा नाही. ज्या ३९ जणांच्या नोंदी संशोधकांच्या आलेखाशी नीट जुळल्या, त्यांच्यावरून तो काढलेला आहे. २५४ हा आकडा तर १२ आठवड्यांच्या पुढचा, म्हणजे गणिताने बांधलेला अंदाज आहे. शिवाय एखादा दिवस चुकणे चालले, याचा अर्थ वारंवार चुकणे चालले असा होत नाही.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते आपलेपणाविषयी. मी आठवडाभर दिसलो नाही आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही, तर त्या गटाला आपला गट म्हणण्यात काय अर्थ उरतो? हजेरी नसलेले गट सकाळच्या सुविचारांनी भरून जातात आणि नेम बाजूला राहतो, हे सर्वांनी पाहिलेले आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन येथे सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संस्थेच्या अनेक गटांत व्यसनमुक्तीचे महिने आणि वर्षे मोजून पदके दिली जातात, आणि पुन्हा दारू घेतली तर मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते. ज्यांच्यासाठी नेम हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, त्यांनी मोजणी सोडलेली नाही.

वेर्ण्याचा कामगार
औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी असली की बाराच्या आतली नोंद मला शक्यच नसते. मी व्यायाम केलेला असतो आणि तक्त्यात मात्र शून्य असते. तक्ता ठेवायचाच असेल तर दिवस कुठे संपतो हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे.

फोंडेकर
डिचोलीकर, आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या संस्थेत सभासद होण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. मोजणी ज्याची त्याची असते आणि ती मोडली म्हणून कोणाचे नाव काढले जात नाही. उलट पुन्हा घसरलेल्या माणसाने बैठकीला यावे हाच तिथला आग्रह असतो. आपण मात्र मोजणीलाच सभासदत्वाची अट करून ठेवले आहे. माझा विरोध त्या सांगडीला आहे.

सासष्टीकर
एक वेगळा मुद्दा आहे. आपल्या गटात सर्वाधिक अभिनंदन होते ते "उद्यापासून सुरू करतो" या घोषणेचे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगांत, ज्या विद्यार्थ्यांच्या संकल्पाची दुसऱ्याने दखल घेतली त्यांनी, दखल न घेतलेल्यांच्या तुलनेत, त्या दिशेने कमी काम केले. त्यामुळे संकल्पाचे कौतुक आवरावे आणि झालेल्या कामाची नोंद असावी, इतपत मी डिचोलीकरांसोबत आहे.

वास्कोकर
आमच्याकडे वास्कोला दामोदर देवाच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते आणि शतकाहून अधिक काळ ही परंपरा टिकून आहे, परंतु त्यात एकही माणूस चोवीस तास गात नाही. एक पथक उठते, दुसरे बसते, आणि खंड पडू न देण्याची जबाबदारी सर्वांची मिळून असते. आपल्या गटानेही व्यक्तीचे सलग दिवस मोजण्याऐवजी, आज गटातल्या किती जणांनी नेम पाळला एवढेच मोजावे. चवथीत फोंड्याच्या ताईंना जमले नाही तर त्या दिवशी बोटीवरचा कोणी ती जागा भरून काढील.

डिचोलीकर
वास्कोकर, भजनात कोणती पथके केव्हा बसणार हे आधी ठरलेले असते आणि ठरलेले पथक आले नाही तर लगेच चौकशी होते. तुमच्या एकत्रित आकड्यात ही चौकशी हरवते. वीसपैकी पंधरा जणांनी नेम पाळला एवढेच कळते, उरलेले पाच कोण आणि त्यांचे काय बिनसले हे कळत नाही.

नाव कमी करण्याचा नियम जावा, हे फोंडेकरांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि नोंदीची वेळ सैल करावी हेही. तक्ता मात्र मी सोडणार नाही. त्यात शून्याऐवजी महिन्यातले एकूण दिवस लिहावेत, आणि दोन दोन सभासदांच्या जोड्या लावून, आपला जोडीदार दोन दिवस दिसला नाही तर दुसऱ्याने त्याला खासगीत फोन करावा.

फोंडेकर
जोड्यांची सूचना मला मनापासून पटते. चवथीनंतर असा एखादा फोन आला असता तर त्या बायका परतल्या असत्या, असे मला वाटते. एकूण दिवसही जरूर लिहावेत, पण तो आकडा त्या दोघांपुरताच राहावा. तो सर्वांसमोर लावण्याला माझा विरोध कायम आहे. बोटीवरच्या सभासदांना अनेक दिवस नेटवर्क मिळत नाही, तेव्हा त्यांच्या जोडीदाराने फोन कुठे करायचा, हेही आधी ठरवावे लागेल.