१२ एकर पड: गिरिपुष्प लावू की गवत राखू?

सुपेकर: बारामती तालुक्यात सुप्याजवळ आमची मुरमाड पड आहे. आजोबा तिथे शेरडं चारायचे. चुलते म्हणतात, गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावू, हवेतला कार्बनही शोषला जाईल. पण परवा तिथे चिंकाराची मादी पाडसासकट दिसली, तेव्हापासून मन धजत नाही. नकाशात आमचा गट 'पडीक' दाखवलाय.

गवतकाडी: दादा, कृपा करून लावू नका! मी पाच वर्षं पुरंदर-बारामतीचे माळ नकाशावर उतरवतेय. उपग्रहाच्या नकाशातलं 'पडीक' म्हणजे तिथे पीक नाही, एवढंच. पवन्या, कुसळी ही गवतं असतील तर ते जितंजागतं माळरान आहे. गवताचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. वणव्यात पाती जळतात, तो बहुतेक खालीच राहतो. खड्डे खणले की तीच माती उघडी पडते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना १:५०,००० नकाशा मिळवा. तेव्हाही माळ उघडाच असेल, तर तोडलेलं जंगल परत आणायचा प्रश्नच नाही. ओढ्याकाठचं वेगळं. तिथे बाभूळ, हिवर, बोर आपोआप येतात, दोन पावसाळे चराई थांबवा.

माळावरचा म्हातारा: तुमच्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटर. चिंकारा तेवढ्यात मावत नाही, आसपासच्या पडीवरच जगतो. तुमचा गट आणि अभयारण्य यांच्या मधे काय आहे, रस्ता की तारेचं कुंपण?

सुपेकर: एक पाणंद आणि चुलत्यांचंच कुंपण. आज रात्रीच बोलतो त्यांच्याशी.