चाऱ्याच्या तुकड्याला नांगर हवाच का?

रानवाट

जंगलाच्या कडेला हरणं, ससे, लावे यांच्यासाठी अर्धा-पाऊण एकर चारा लावायचा म्हटलं की लोक आधी ट्रॅक्टर कुठून आणायचा याच्या मागे लागतात. माझं स्पष्ट मत आहे की एवढ्या तुकड्यात नांगर घालूच नये. पैसा वाचतो हे खरंच, पण माझ्या लेखी मोठं कारण तणांचं आहे.

मातीत तणांचं बी वर्षानुवर्षं दबा धरून बसलेलं असतं. किती वर्षं, ते वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांच्या प्रयोगावरून कळतं. १८७९ मध्ये त्यांनी मिशिगनमध्ये तणांचं बी वाळूत मिसळून २० बाटल्यांत पुरून ठेवलं. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तेव्हाही व्हर्बॅस्कम नावाच्या तणाचं बी उगवलं! त्यात पुष्कळ बारीक बियांना उगवायला उजेडाची खूण लागते. अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर ते दाखवून दिलं: लाल प्रकाश पडला की बी जागं होतं, त्यापलीकडचा अतिलाल पडला की परत निजतं. नांगर खालचं बी वर आणतो आणि त्याला उजेड दाखवतो. म्हणजे आधी आपणच तण पेरायचं आणि मग त्यात आपलं बियाणं टाकायचं.

माझी रीत साधी आहे. पाऊस तोंडावर आला की उभ्या गवतात बी फोकायचं, म्हणजे नुसतं विखरून टाकायचं, आणि लगेच ते गवत कापून बियांवर पाडायचं. त्या आच्छादनाने ओल टिकते आणि पाखरांच्या नजरेतून बी सुटतं. बी मात्र बारीक किंवा वरवर उगवणारं हवं. पांढरा क्लोव्हर (जमिनीलगत पसरणारं शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक) एकरी ३-४ किलो, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं तृणधान्य) ४०-५० किलो. सलगमसारखं मोहरीच्या कुळातलंही चालतं. मका, सोयाबीन, वाटाणा यांना अंगावर इंच-दीड इंच माती लागते, ते या पद्धतीत टाकू नका. थंड मुलखात हिवाळा सरताना जमीन रात्री गोठते आणि दिवसा सुटते, तिला बारीक भेगा पडतात. तेव्हा फोकलेलं क्लोव्हर त्या भेगांत आपसूक उतरतं, कापणीचीही गरज नाही.

अवजारं दोनच: हाताने फिरवायचं फोकणी यंत्र आणि गवत कापायचं मशीन.

औतकरी

रानवाट, हा धागा वाचून नवखा माणूस गवतावर बी उधळून येईल आणि महिन्याने जाऊन बघेल तर नुसतं गवतच. तुम्ही 'उभं गवत' म्हणालात, पण कसलं गवत ते सांगितलं नाही. हंगामी, मोकळं, उंच वाढलेलं तण असेल तर तुमची पद्धत चालते, मान्य. पण बहुवर्षायू गवताची दाट गादी असेल तर बी मातीला टेकतच नाही. मोड गादीवरच येतो आणि दोन कडक उन्हं पडली की करपतो. शिवाय गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरून कापलंत तर ते मरत नाही, उलट जोमाने फुटवे धरतं. तुमचं क्लोव्हर त्या फुटव्यांशी झगडणार कधी आणि वाढणार कधी?

दुसरं, चुना. जंगलालगतची माती पुष्कळदा आम्ल असते आणि क्लोव्हरला सामू (pH) ६ ते ७ च्या दरम्यान लागतो. चुना पाण्यात फारसा विरघळत नाही. वरून टाकलेला चुना कित्येक वर्षं वरच्या दोन-तीन इंचांतच अडकून राहतो. तो मुळांच्या थरात कालवायचा असेल तर हॅरो (तव्यांनी माती ढवळणारं अवजार) लागतो. त्याला स्वस्तातली पळवाट नाही.

तिसरं, जिथे लाकडाचे ओंडके रचले, ट्रक फिरले, ती मोकळी जागा लोक हटकून चाऱ्याला निवडतात, कारण ती आयती साफ असते. तिथली जमीन दगड झालेली असते. तिथे आधी माती कोरडी असताना खोल फाळ घालावा लागतो. ओल्या मातीत घातला तर ती फुटत नाही, फक्त चिरते आणि फाळाच्या बाजू लिंपल्यासारख्या घट्ट होतात.

रानवाट

दाट गादीचा मुद्दा बरोबर आहे आणि त्यावर माझं उत्तर वेळ हे आहे. आधीच्या हंगामात बकव्हीट (कुट्टू) किंवा राय दाट लावून गवत सावलीने दाबा, पुढच्या हंगामात क्लोव्हर फोका.

चुन्याचं तुम्ही म्हणता ते शास्त्र म्हणून खरं आहे, पण निष्कर्ष पटत नाही. पांढऱ्या क्लोव्हरच्या बहुतेक मुळ्या वरच्या थरातच असतात. वरचे दोन-तीन इंच सुधारले तरी त्याचं भागतं. अल्फाल्फासारखं (लसूणघास) खोल मुळांचं पीक घ्यायचं असेल तर तुमचा हॅरो न्या.

आणि नांगरटीने काय होतं तेही एकदा बोला. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात गवताळ जमिनी नांगरून उघड्या टाकल्या, दुष्काळ पडला आणि १४ एप्रिल १९३५ ला धुळीच्या वादळाने भर दिवसा अंधार केला.

औतकरी

तो दाखला इथे लागू नाही. लाखो एकर सपाट, कोरडवाहू, वाऱ्याच्या तोंडावरची जमीन कुठे आणि चारी बाजूंनी झाडी असलेला अर्धा एकर कुठे! उतार असेल तर नांगरू नका असं मीही सांगेन, कारण एका जोरदार सरीत वरची माती ओढ्यात जाते. पण सपाट तुकड्यावर वाफसा बघून दोन पाळ्या हॅरो, वर बी आणि त्यावर रूळ, याने जशी एकसारखी उगवण मिळते तशी फोकणीने मिळत नाही. रुळाने बी मातीत दाबलं जातं, क्लोव्हरला हवी ती पाव इंचाची खोली मिळते.

मातीचा_माणूस

दोघंही एक गोष्ट टाळताय. 'बिननांगरट' म्हणून जी पद्धत सगळीकडे सांगितली जाते, तिच्यात बी फोकण्याआधी किंवा नंतर तणनाशक असतंच. ग्लायफोसेट हे तणनाशक १९७४ मध्ये बाजारात आलं आणि शून्य मशागत बऱ्याच अंशी त्याच्या आधाराने पसरली. रानवाट ते वापरत नसतील, पण वाचणारे दहा जण वापरतील. पाणथळीच्या काठावर, बेडूक असतात तिथे फवारणी करून वर 'निसर्गस्नेही' म्हणायचं, हे मला सहन होत नाही. अशा जागी वर्षातून एकदा उथळ हॅरो मी कधीही पत्करेन.

फवारणीशिवाय करायचं असेल तर राय लावा आणि ती फुलावर आली की जड रुळाने मोडून आडवी करा. वेळ चुकवू नका. फुलोऱ्याआधी मोडली तर ती पुन्हा उभी राहते.

लावापक्षी

मला मूळ गृहीतकावरच बोलायचं आहे. रानवाट तणांना शत्रू धरून चालले आहेत. लाव्याच्या दृष्टीने बघा. उत्तर अमेरिकेतल्या बॉबव्हाइट लाव्यासाठी तिथले वनव्यवस्थापक हिवाळ्यात पट्टे आखून मुद्दाम उथळ हॅरो फिरवतात आणि त्यात काहीच पेरत नाहीत! मातीतलं झोपलेलं बी जागं व्हावं हाच हेतू असतो. त्यातून रॅगवीड नावाचं तण उगवतं. त्याचं बी लावे टिपतात, पाला हरणं खातात. खाली जमीन मोकळी राहते, पिल्लांना चालता येतं आणि पिल्लांचं मुख्य अन्न असलेले किडे तिथेच सापडतात. रानवाटांची आच्छादनाची जाड चटई अंगठ्याएवढ्या पिल्लाला ओलांडता येत नाही.

म्हणजे नांगरटीचा जो दोष तुम्ही सांगितलात, तोच इथे गुण आहे. शिवाय बियाण्याचा खर्च शून्य. यापेक्षा स्वस्त पद्धत कुठली?

रानवाट

लाव्यांसाठी हे मला मान्य आहे आणि तुमचा पिल्लांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पण मातीत रॅगवीडच निजलंय हे कशावरून? जिथे आधी शेती होती तिथे अनेकदा जॉन्सन ग्रास हे चिवट तण असतं. त्याच्या भुईतल्या खोडाचे हॅरोने तुकडे होतात आणि तुकड्या-तुकड्यातून नवं रोप उठतं. हराळीचं आणि लव्हाळ्याचंही तेच. एका पाळीत सगळा तुकडा हातचा जातो. म्हणून हॅरो न्यायच्या आधी चार हात लांबी-रुंदीचा कोपरा कुदळीने उकरून ठेवा आणि एका पावसानंतर काय उगवतंय ते बघा.

औतकरी

कोपरा उकरून बघायची सूचना उत्तम आहे, पण मग ती फोकणीलाही लावा. फोकायच्या आधी गवत बाजूला सारून बोट खाली घाला. बोटाला माती न लागता नुसती गादीच लागली तर बियाणं वाया घालवू नका. तिथे नांगर लागतो, यावर मी ठाम आहे.

लावापक्षी

कापणीच्या वेळेचंही बघा. उभं गवत कापायचं म्हणता, पण त्याच दिवसांत त्या गवतात जमिनीवरची घरटी असतात आणि हरणांची नवी पाडसं दबून बसलेली असतात. पाडस मशीनच्या आवाजाने पळत नाही, उलट जागच्या जागी अंग चोरतं. वन्यजीवांसाठी चारा लावताना त्यांचीच पिल्लं पात्याखाली जाणार असतील तर नांगर की फोकणी हा वाद कशाला? विणीचा हंगाम संपेपर्यंत मशीन बाहेर काढू नका.

रानवाट

पूर्ण सहमत. हंगाम संपल्यावरही कापण्याआधी तुकडा पायी चालून बघा आणि कापणी मधून सुरू करून बाहेरच्या कडेकडे न्या, म्हणजे आत राहिलेल्या जनावराला झाडीकडे पळायला वाट राहते. पेरणी शरद ऋतूतल्या पावसावर धरली तर विणीचाही प्रश्न येत नाही आणि राय, क्लोव्हर दोन्ही तेव्हाच चांगले धरतात. औतकरी, गादीच्या जमिनीवर मात्र मी अजूनही आधी सावलीचं पीकच घेईन.